तपासण्या सगळ्या वहिनीच्याच? फवारणी, इंजिनरूम, शिसं आणि मूल न होणं

मी_पावसची

नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे, घरात कुणी उघड बोलत नाही म्हणून इथे लिहितेय.

दादा-वहिनीला मूल नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, वहिनी अजून तिशीच्या आतच आहे. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, ती नळ्यांची एक्स-रे तपासणी असते ना दुखणारी ती झाली, लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघतात ती, पण झाली, सगळं नॉर्मल. शिवाय आईकडून गाऱ्हाणं, कौल, अंगारे, उपास हे चालूच. दादाची तपासणी? एकही नाही. का तर तो धडधाकट आहे, आंब्याची भरलेली पेटी खांद्यावर टाकून घाटी चढतो, त्याला कसली आलीय तपासणी!

दादा हापूसच्या बागा कराराने घेतो. घरची कलमं थोडी, बाकी लोकांची. दिवाळी झाली की पंप बाहेर निघतो तो मार्चपर्यंत आत जात नाही. गडी मिळत नाहीत म्हणून गन स्वतःच धरतो. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय, झाड वर आणि माणूस खाली, फवारा वर मारायचा आणि अर्धा आपल्याच अंगावर घ्यायचा. अंगात बर्मुडा, तोंडाला टॉवेल. संध्याकाळी येतो तेव्हा कमरेखाली पार चिंब असतो, तसाच पडवीत बसून आधी चहा पितो, विडी ओढतो, मग आंघोळ.

परवा वहिनीसोबत दवाखान्यात मी गेले होते. डॉक्टरांनी तिला पाळीपासून झोपेपर्यंत सगळं विचारलं. दादाबद्दल एकच प्रश्न, मिस्टर काय करतात? आंब्याचं करतात म्हटल्यावर म्हणाले अरे वा, मग एक पेटी पाठवा. संपलं.

तर विचारायचंय हे की या औषधांचा पुरुषाच्या बीजावर खरंच परिणाम होतो का, की हे नुसतं व्हॉट्सॅपवरचं आहे? आणि दादाला तपासणीला तयार कसं करायचं? तुमच्या कामाधंद्यातले अनुभव असतील तर तेही लिहा.

बेरकी_बंड्या

ताई, राग मानू नका पण हे सगळं फॅड आहे. आमचा आजा जन्मभर कौलांच्या भट्टीवर राबला, घरात ढेकणांना डीडीटी मारायचे आणि त्याच हातांनी भाकरी खायचे, पोरं झाली नऊ. आता माणसाला शिंक आली तरी केमिकलमुळे.

इंजिनरूम

आजीला विचारलंत का नऊ हवी होती का ते?

लोटे_रसायन

बंड्याशेठ, आजोबांचं राहू दे, ही एक जुनी गोष्ट ऐका. मी केमिकल लाईनमधला आहे. आमच्याकडे सेफ्टी ट्रेनिंगला हेल्मेट, शिडी, आगीचा बंब एवढंच शिकवतात, खरं तर पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायला हवी.

डीबीसीपी म्हणून एक औषध होतं, डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. जमिनीतल्या सूत्रकृमींना मारायचं. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावी त्याचं उत्पादन चालायचं. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की अरेच्चा, आपल्या डिपार्टमेंटमध्ये हल्ली कुणाकडेच पाळणा हलत नाहीये. हे कामगारांनीच ओळखलं हं, कंपनीच्या डॉक्टरने नाही. तपासण्या झाल्या तेव्हा बऱ्याच जणांचे शुक्राणू एकदम कमी, काहींचे तर शून्य, आणि जितकी जास्त वर्षं त्या कामावर तितका रिपोर्ट वाईट. बाकी माणसं ठणठणीत! खोकला नाही, पुरळ नाही, अशक्तपणा नाही, संसारात काही कमी नाही. ताईंच्या दादासारखीच धडधाकट.

आणि संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. उंदरांचे अंडकोष या औषधाने आक्रसतात हे १९६१ सालीच छापून आलं होतं. १९७९ मध्ये अमेरिकेने ते जवळजवळ सगळीकडे बंद केलं पण हवाईच्या अननसांना पुढे काही वर्षं सूट दिली, आणि कोस्टा रिका, निकाराग्वाच्या केळीच्या बागांत मजूर ते हाताळत होते ते हजारोंच्या संख्येने पुढे कोर्टात गेले. काहींचे शुक्राणू काम सुटल्यावर परत आले, काहींचे कधीच नाही.

तेव्हा फॅड म्हणू नका. प्रत्येक औषध डीबीसीपी नसतं हे मला मान्य. पण ‘तब्येत चांगली आहे म्हणजे सगळं चांगलं’ हा हिशोब १९७७ लाच खोटा ठरलाय.

खाडीपलीकडचा_डॉक्टर

लोटे_रसायन यांनी लिहिलंय ते बरोबर. मी थोडं शरीराच्या बाजूने लिहितो, वेळ मिळेल तसं टाईप करतोय, चुका संभाळून घ्या.

पहिली गोष्ट, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. आणि पुरुषाची पहिली तपासणी ही सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, सुई नाही, भूल नाही. तरी आपल्याकडे बाईची लॅप्रोस्कोपी आधी होते आणि पुरुषाची वीर्यतपासणी राहून जाते. हे उलटं आहे, पावसच्या ताईंचा वैताग रास्त आहे. दोघांची सुरुवात एकदमच व्हायला हवी.

दुसरं, शुक्राणू काही तयार साठा नसतो. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळीतून पुढे सरकत पक्का व्हायला दीडेक आठवडा ते दोन आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट हा आजचा नसतोच, गेल्या तीन महिन्यांचा असतो. माझ्या मते हे बागायतदारांनी नीट लक्षात घ्यावं, कारण शिमग्यानंतर काढलेल्या रिपोर्टमध्ये ऐन फवारणीचे महिने आलेले असतात आणि गणपतीत काढलेल्यात नसतात. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही, किमान दोन हवेत, मध्ये अंतर ठेवून.

तिसरं, कातडी. लोकांना वाटतं औषध श्वासातून जातं, तोंडाला फडकं बांधलं की झालं. फवारणीत बराचसा भाग कातडीतून जातो. आणि सगळी कातडी सारखी नसते! १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर माणसांतच मोजमाप झालं होतं, हाताच्या कातडीतून जेवढं आत गेलं त्याच्या जवळजवळ बारा पट अंडकोषाच्या कातडीतून गेलं. आता दादांची भिजलेली बर्मुडा आठवा. तोंडाच्या टॉवेलपेक्षा कमरेखालचा कोरडेपणा महत्त्वाचा, आणि चहाच्या आधी आंघोळ.

पण एक बजावून सांगतो, फवारणीवर खापर फोडून मोकळे होऊ नका. अंडकोषाच्या शिरा फुगणं, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, ते सगळ्या पुरुषांत १०० पैकी १५ जणांना असतं, पण मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० जणांना. वयात आल्यावर झालेले गालगुंड, लहानपणी न उतरलेला अंडकोष, हर्नियाचं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, तंबाखू, दारू हे सगळं आधी बघायचं. काम हा त्या यादीतला एक प्रश्न आहे. माझी तक्रार एवढीच की तो विचारलाच जात नाही.

हापूसवाला

मी बागायतदार. डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते मान्य पण आंब्याची बदनामी नको, ऐन सीझनला लोक असल्या धाग्यांचे स्क्रीनशॉट फिरवतात. खाणाऱ्याचा विषय वेगळा, मारणाऱ्याचा वेगळा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे, पालवीपासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत पाच-सहा फवारण्या, कुठलं औषध कधी ते ठरलेलं. लोक त्यापुढे किती मारतात ते विचारू नका, तुडतुडा आला की दुकानदार देईल ते मारतात, दोन-तीन औषधं एकाच पिंपात कालवतात. हवामान असलं झालंय, मोहोर तीन तीनदा येतो, अवकाळी पडतो, थ्रिप्स काही केल्या जात नाही, माणूस करणार काय. डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो, मी स्वतः लाल त्रिकोणवाल्या औषधाला हातच लावत नाही. हिरवा किंवा निळा बघूनच घेतो. मला दोन मुलं आहेत.

लोटे_रसायन

हापूसवालेदादा, तुमच्या मुलांना उदंड आयुष्य. पण त्या त्रिकोणाबद्दल एक गैरसमज आहे तो मोडायला हवा, माझ्या घरच्या बागेतही सगळे हेच धरून चालतात.

लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते औषध एकदम पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर किती प्रमाणात जीव जाईल त्यावरून. म्हणजे तात्काळ विषबाधा. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाऊन शुक्राणूंचं काय होतं याचा त्या रंगाशी काही संबंध नाही. उदाहरण घ्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं, मोहोरावर भुरी-करप्याला सर्रास मारत आलेत. तात्काळ विष म्हणून अगदीच सौम्य. पण युरोपियन युनियनने ते प्रजननाला घातक आणि जनुकांत बिघाड करणारं या वर्गात टाकलेलं आहे, आणि नर उंदरांत ज्या नळ्यांत शुक्राणू घडतात त्या नळ्यांनाच ते इजा करतं. उंदरांना दिलेले डोस मोठे होते हेही सांगतो, उगाच घाबरवायचं नाही. पण सौम्य रंग बघून बर्मुडा घालणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं.

काजूवाल्यांसाठीही एक सांगतो. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारायचे. तिथल्या शाळकरी मुलग्यांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने केली, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या गावांवर फवारणी व्हायची तिथली मुलं वयात उशिरा येत होती. म्हणजे फवारणारा सोडा, खाली राहणाऱ्यांवर परिणाम. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये एंडोसल्फान बंद केलं. काजू आपल्याकडेही आहे आणि पाऊस तर तिकडच्यासारखाच.

हापूसवाला

त्रिकोणाचं माहीत नव्हतं. दुकानदाराला पण नसणार. बघतो.

मालवणी_मामा

आंब्यावाल्यांचा झाला, आता दर्यावाल्यांचा आयका. आमच्या आळयेत पागाक, म्हणजे मासे धरूच्या जाळ्याक, शिसां लावतत. इकत घेवची परवडनत नाय म्हणान भंगारातलो शिसो, जुने बॅटरे फोडून काढलेलो, परसात चुलीर कढयेत वितळवतत आणि साच्यात ओततत. धूर येता, पोरां बाजूक बसान गंमत बघतत. माझो आतेभाव जन्मभर ह्याच करता, त्येका पोर नाय. गावान बायलेक वांझ म्हटल्यान, ती बिचारी वडाक फेरे मारून दमली. डॉक्टरांनू, ह्या शिश्याचो काय संबंध असता काय?

खाडीपलीकडचा_डॉक्टर

मामा, असता तर! या सगळ्या यादीत शिसं हे सगळ्यात पक्कं नाव आहे. बॅटरीच्या आणि शिसं गाळण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे अभ्यास आहेत, रक्तातलं शिसं डेसिलीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की शुक्राणूंची संख्या पडायला लागते. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात उतरत राहतं, त्यामुळे काम थांबवलं की दुसऱ्या दिवशी सुटका असं होत नाही. आतेभावांच्या रक्तातलं शिसं मोजून घ्या, मुंबईला नमुना पाठवून ही तपासणी होते. त्याच्यामुळेच मूल झालं नाही असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण विचारायलाच हवं.

आणि त्याहून तातडीचं, ती बाजूला बसणारी पोरं आधी उठवा. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित धरत नाहीत. बॅटऱ्या फोडणं तर घराच्या आसपास नकोच, परसातली माती खराब होते, त्या मातीत कोंबड्या, त्या मातीत आळू.

मालवणी_मामा

उद्याच सांगतंय. आयकतीत की नाय रवळनाथाक ठावक.

इंजिनरूम

मी बोटीवर मोटरमन आहे. आमच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर किंवा आखातात. इंजिनरूमला ४५ डिग्री ही रोजची गोष्ट, बॉयलर सूट एकदा चढवला की वॉच संपेपर्यंत घाम निथळत असतो, डिझेल, थिनर, डिग्रीझर सगळं हाताने. घरी येतो ते मोजके महिने आणि त्यातले अर्धे लग्नं, घराचं बांधकाम, बँक, मुंबईला मेडिकल यातच. मित्रांमध्ये मी बघतो, ज्यांना मूल होत नाही त्यातले बरेच इंजिन साईडचे, डेकवाल्यांपेक्षा. हा माझा अंदाज हं, मोजलं नाहीये कुणी. उष्णतेचं खरं काय आहे?

खाडीपलीकडचा_डॉक्टर

अंडकोष शरीराच्या बाहेर लटकवलेत ते उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ डिग्री कमी तापमान लागतं. चार दिवस सणकून ताप येऊन गेला तरी पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टवर दिसतं. इटलीत सिरॅमिकच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचा अभ्यास झालाय, त्यांना मूल व्हायला इतरांपेक्षा वेळ लागत होता. भट्टीवाले, बेकरीवाले, तंदूरवाले, वेल्डर, इंजिनरूमवाले सगळे यात आले. वेल्डरला वर धुराचा बोनस, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये क्रोमियम असतं. जुन्या एसट्यांत ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेट तापायचं तेही आठवा, तासन्‌तास बसून मांड्या चिकटलेल्या.

त्यातल्या त्यात चांगली बातमी अशी की उष्णतेचा परिणाम बहुतेक वेळा उतरतो, तीनेक महिने त्यापासून लांब राहिलं की. तुम्ही सुट्टीवर आल्या आल्या रिपोर्ट काढलात तर तो इंजिनरूमचा रिपोर्ट असतो, सुट्टीच्या शेवटी काढलात तर घरचा. आणि तुमच्यासारख्यांचा दुसरा प्रॉब्लेम निव्वळ कॅलेंडरचा आहे, नवरा घरी असतो तेव्हाच बायकोचे दिवस जुळायला हवेत. वीर्य गोठवून ठेवता येतं, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला. तुम्ही समुद्रावर असताना इकडे त्यातून आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करता येतं. सही-संमतीचे कागद आधी करून जावे लागतात.

फायबरबोट

हर्णैच्या बाजूला फायबरच्या होड्या बनवतो. रेझिनचा वास नाकातून घरी येईपर्यंत जात नाही, जेवण सुद्धा तसंच लागतं. रंग मारायचं कामही आमच्याकडेच. ह्याच्यात काय असतं?

लोटे_रसायन

रेझिनमध्ये स्टायरीन, म्हणजे तो वास. रंग आणि थिनरमध्ये काय आहे ते डब्यावर बघायला लागेल. ग्लायकॉल ईथर म्हणून सॉल्व्हंट आहेत, त्यातली दोन, २-मिथॉक्सीइथेनॉल आणि २-इथॉक्सीइथेनॉल, ही शुक्राणूंसाठी कुप्रसिद्ध. अमेरिकेत एका शिपयार्डच्या पेंटरांचा अभ्यास १९८८ मध्ये आला, इतर कामगारांच्या मानाने पेंटरांत कमी शुक्राणूंचं प्रमाण जास्त निघालं. होडीच्या तळाला शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून जो रंग मारायचे त्यात पूर्वी टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) हे विषारी रसायन असायचं, जगभर त्यावर २००८ पासून बंदी आहे, तेव्हा कुणी जुना स्वस्त डबा देत असेल तर घेऊ नका.

ओळखायचं कसं तर कुठल्याही केमिकलची सेफ्टी डेटा शीट मागायची. तिच्यात दुसऱ्या भागात धोक्याचे कोड असतात. एच३६० असेल तर प्रजननाला किंवा गर्भाला घातक, एच३६१ असेल तर तसा संशय. डब्यावर लाल चौकटीत माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखं चित्र असतं ना, ते दिसलं की शीट वाचायचीच. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कलमं घातली की धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला द्यायची आणि त्याचं हेल्थ रेकॉर्ड त्याला बघायला द्यायचं. म्हणजे तुम्ही मागताय ते उपकार नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते मला विचारू नका. कायम कामगाराला निदान मास्क मिळतो, टाकी साफ करायला ठेकेदाराची पोरं उतरतात ती बनियनवर, आणि त्यांच्या तपासणीच्या कागदावर बीपी आणि वजन यापलीकडे काही नसतं. लग्नाच्या वयाची तीच असतात.

फायबरबोट, उघड्यावर काम करा, वाऱ्याकडे पाठ करून, आणि हात थिनरने धुणं बंद करा. सगळेच तसं करतात. कातडीवरचं तेल निघून जातं आणि मग आत जायला रस्ता मोकळा.

बेरकी_बंड्या

मी वाचतोय सगळं. पण मग ते जगभरचे शुक्राणू निम्मे झाले म्हणतात ते काय आहे, तसं असेल तर आपल्या लोकसंख्येचं काय?

खाडीपलीकडचा_डॉक्टर

ते २०१७ चं विश्लेषण, पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ मध्ये शुक्राणूंचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त घटलं असं. २०२२ मध्ये त्यात आशिया, आफ्रिकेची आकडेवारी घालून पुन्हा तसंच निघालं. जुन्या काळी मोजायच्या पद्धती वेगळ्या, तपासणीला येणारे लोक वेगळे, म्हणून बऱ्याच तज्ज्ञांना ते पटत नाही, भांडण चालू आहे. मला विचाराल तर गावातल्या माणसाला त्या भांडणाचा उपयोग शून्य. आपल्या अंगावर काय पडतंय ते बघा.

लोकसंख्येचं म्हणाल तर, कमी शुक्राणू असलेल्यालाही मूल होऊ शकतं, वेळ लागतो. तुमच्या आजोबांची पहिली दहा वर्षं कुणी मोजली नव्हती.

जिमी_रत्नागिरी

अवांतर आहे पण विचारतो. जिममध्ये ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवलीत, त्याने मर्दानगी वाढते ना? मग हे सगळे प्रॉब्लेम सुटतील.

खाडीपलीकडचा_डॉक्टर

अजिबात घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, मग तो अंडकोषांना ऑर्डर पाठवायचंच थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दंड फुगतील, रिपोर्ट कोरा. ट्रेनर बदला.

आणि कुणी ते झिंक, फॉलिक ॲसिडचे महागडे डबे घेत असाल तर, २०२० मध्ये अमेरिकेत २३७० जोडप्यांवर नीट चाचणी झाली, झिंक-फॉलिकने ना शुक्राणू सुधारले ना बाळं जास्त झाली. ते पैसे चांगले गमबूट आणि रबरी हातमोजे यात घाला.

लॅबवाली_चिपळूण

मी लॅबमध्ये हे नमुने रोज बघते, काही व्यवहारातलं सांगते म्हणजे फुकट खेपा होणार नाहीत.

तपासणीच्या आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत, दोनपेक्षा कमी नको आणि ‘जास्त साठेल’ म्हणून पंधरा दिवस थांबायचं पण नाही. नमुना लॅबमध्येच देता आला तर उत्तम. लाज वाटते म्हणून घरून आणणार असाल तर तासाच्या आत पोचला पाहिजे, लॅबने दिलेल्या डबीतच, साध्या निरोधमध्ये नाही कारण त्यातल्या औषधाने शुक्राणू मरतात. डबी शर्टाच्या आत अंगाला लावून आणायची. एक गृहस्थ गुहागरहून बांगड्यासारखं बर्फात घालून घेऊन आले होते, मोठ्या काळजीने! सगळे शुक्राणू निपचित, पुन्हा यायला लागलं बिचाऱ्यांना. सुरुवातीचा थेंब सांडला असेल तर लाजू नका, सांगा, त्यातच जास्त असतात.

रिपोर्टवर डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकातल्या खालच्या मर्यादा असतात, मिलीला १.६ कोटी शुक्राणू, एका वेळचे एकूण ३.९ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के. आकार नॉर्मल असलेले ४ टक्के असले तरी चालतात, हे वाचून लोक हबकतात की ९६ टक्के खराब, तसं नाही, सगळ्यांचंच तसं असतं. मर्यादेच्या खाली म्हणजे मूल होणार नाही असं नाही आणि वर म्हणजे होणारच असंही नाही.

अजून एक, पुरुष एकटे येत नाहीत. बायको किंवा आई सोबत असते आणि तीच बोलते. मी आता कामाचं स्वतःहून विचारते आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, डॉक्टरने वाचलं तर वाचलं.

मी_पावसची

सगळ्यांना दंडवत. उशिरा अपडेट देतेय कारण सीझन चालू होता, पेट्या भरताना मान वर करायला सवड नव्हती.

दादाला आमच्या चुलतभावाकरवी विचारलं. तपासणी म्हटल्याबरोबर उखडला. मग मी डॉक्टरांची ती बारा पट कातडीवाली पोस्ट आणि डीबीसीपीची गोष्ट त्याला फोनवर वाचून दाखवली आणि म्हटलं, तुझ्यात दोष आहे असं कुणी म्हणत नाहीये, औषध किती अंगात जातंय ते बघायचंय. दोन दिवस बोलला नाही आणि मग आपणच गाडी काढून गेला! त्याला कारण बाहेरचं हवं होतं बहुतेक. वहिनी म्हणाली हे आधी सुचलं असतं तर माझी ती दुर्बीण वाचली असती, आणि मग आम्ही दोघी काही बोललोच नाही.

रिपोर्टमध्ये मिलीला ९० लाख आलेत, हालचाल पण कमी. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याला झोपवून नाही, उभं करून तपासलं आणि डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे म्हणाले. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) आणि रक्तातली एफएसएच, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स तपासायला सांगितलंय. फवारणीचं सांगितलं तर त्यांनी औषधांची नावं लिहून मागितली, पहिल्यांदाच कुणीतरी मागितली.

बेरकी_बंड्या

म्हणजे शिरा फुगल्यात. फवारणी निर्दोष सुटली की!

खाडीपलीकडचा_डॉक्टर

सुटली नाही, सहआरोपी आहे. व्हेरिकोसीलने तिथलं तापमान वाढतं, त्यात बागेतली उन्हं, त्यात औषध, त्यात विडी. कुणाचा वाटा किती ते एका माणसात वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नाही. विडी आणि भिजणं लगेच थांबवता येतं, शिरांचं ऑपरेशन करायचं की नाही ते पुढचे रिपोर्ट बघून ठरवतील. ताई, आता पाऊस सुरू होईल, फवारणी बंदच असते. नागपंचमीच्या सुमारास दुसरा रिपोर्ट काढा, त्याच लॅबमध्ये. एफएसएच खूप वाढलेलं नसेल तर सुधारायला वाव असतो.

अजून एक विचारायचं राहिलं, दादांचे फवारणीचे कपडे कोण धुतं?

मी_पावसची

वहिनी. हाताने, दगडावर, बाकीच्यांच्या कपड्यांबरोबर. आई गं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

हापूसवाला

ताई, दादांना सांगा मी यंदा काय करणार आहे ते. पावसाळी रेनकोटची पँट घ्यायची जाड, गमबुटाच्या बाहेरून सोडायची, आत नाही, नाहीतर औषध बुटात उतरतं. उकडतं खूप, म्हणून सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतरच मारायचं, वारा पडलेला असतानाच. गनला लांब बांबू लावून झाडाच्या बाहेरून मारायचं, बुंध्याशी उभं राहून नाही. बागेतच पाण्याचं पिंप आणि साबण, कपडे तिथेच उतरवायचे आणि वेगळ्या बादलीत ज्याचे त्याने धुवायचे. दुकानदाराकडून प्रत्येक औषधाचं पक्कं बिल, त्यावर नाव आणि तारीख. लोटेसाहेब म्हणतात तसा तो कोड बघायला नातवाला शिकवून ठेवलंय. एकाच पिंपात कालवणं बंद. उत्पन्न कमी आलं तर बघू.

लोटे_रसायन

बिलांचं भारी सुचवलंत. मी एक साधा तक्ता करून इथे चिकटवतो, तारीख, औषध, किती वेळ, काय घातलं होतं, कपडे भिजले का. डॉक्टरकडे जाताना तेवढा कागद न्यायचा. फायबरबोट आणि मोटरमन, तुम्हीही तुमच्या कामाप्रमाणे रकाने बदलून घ्या.

इंजिनरूम

तक्ता टाकाच. मी पुढच्या महिन्यात साईन-ऑफ होतोय, म्हणजे बोटीवरून उतरून सुट्टीवर येतोय. लॅबवाली ताई, तुमच्या लॅबचा पत्ता व्यनि करा, आल्या आल्या एक रिपोर्ट काढतो आणि परत जायच्या आधी दुसरा, आणि ते गोठवून ठेवायचं मुंबईला करावं लागेल की कोल्हापूरला होतं तेही कळवा. बायकोला हा धागा पाठवलाय, तिने आत्ताच विचारलं इंजिनरूम म्हणजे तुम्हीच का.